डावऱ्याचा खांदा

माझ्या धाकट्या भावाला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं दोनच उरली आहेत, आगारातला पगार कारकून आणि दवाखान्यातली नर्स. बाकी सगळ्यांचा तो डावरा. शाळेत पेन्सिल डाव्या हातात धरायचा म्हणून मास्तरांनी नाव पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की मोठेपणी त्याने स्वतःच आपल्या डब्यावर खिळ्याने कोरून घेतलं.

माझ्यापेक्षा तो बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मला शिवणयंत्रावर बसायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. वडील ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपण्यात जायचे. म्हणजे डावऱ्याला वाढवलं ते मी, आणि कसं वाढवलं ते माझं मला ठाऊक. मी तापट बाई. हातातली कात्री खाली ठेवून बोलायला लागले की गिऱ्हाईकं दाराकडे सरकतात. डावरा मात्र कधी उलटून बोलला नाही. तो मुळात बोलायचाच कमी. अभ्यासात यथातथा, चारचौघांत मान खाली, घरी कोणी आलं की मागच्या खोलीत पसार. या मुलाचं पुढे व्हायचं कसं, हा घोर मला कायम असे.

मग तो बस आगारात टायरच्या कामाला लागला आणि आगाराच्या व्हॉलीबॉल संघात शिरला. बस धुवायच्या उताराशेजारी त्यांचं मैदान होतं. एकदा तो डबा विसरला म्हणून मी तिकडे गेले. तो नेटपाशी उडाला, डावा हात मागे खेचला आणि चेंडू असा हाणला की पलीकडचे दोघे त्याला अडवायला धावले आणि एकमेकांवर आदळले. उजव्या हाताच्या माराची सवय असलेल्यांना डावा हात कुठून येतो तेच कळत नाही, असं मला नंतर समजलं. मला तेव्हा दिसलं एवढंच की खाली आल्यावर डावरा तोंड उघडून हसला. आमच्या घरात तो तसा कधी हसला नव्हता. मी डबा हातात धरून पूर्ण सामना बघितला आणि त्या दिवशीचे तीन ब्लाउज राहिले ते राहिलेच.

संघाचा कॅप्टन भांडारातला कारकून होता, बुटका, बडबड्या. चेंडू वर उडवून द्यायचं काम त्याचं, हाणायचं डावऱ्याचं. तो मला म्हणाला, ताई, तुमचा भाऊ म्हणजे आमचा अर्धा संघ आहे. मी म्हटलं, उरलेला अर्धा कसा आहे ते मी आत्ता पाहिलंच. तेव्हापासून तो माणूस मला वचकून असतो, पण प्रत्येक सामन्याला खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवतो.

खांदा पहिल्यांदा निखळला तो डावरा एकोणीस वर्षांचा असताना. उडी घेतली, हात नेटमध्ये अडकला, शरीर खाली आलं आणि हात वरच राहिला. दवाखान्यात नेलं. प्लास्टरच्या खोलीत एक वयस्क ड्रेसर होते. त्यांनी त्याला उंच टेबलावर पालथं झोपवलं, हात कडेने खाली सोडला, मनगटाला वजन बांधलं आणि म्हणाले, आता पंधरा मिनिटं कोणी काही करायचं नाही. खरंच कोणी काही केलं नाही, आणि तेराव्या-चौदाव्या मिनिटाला खांदा आपला आपण आत गेला. मी थक्क झाले. ड्रेसर पुढे बरंच सांगत होते, तीन आठवडे हात झोळीत, मग डॉक्टरांना दाखवा, दुर्लक्ष करू नका. ते मी अर्धवट ऐकलं. माझं लक्ष त्या वजनावर होतं. मनात म्हटलं, हे तर मलाही येईल.

आणि आलं. पुढच्या खेपेला तो घरीच माळ्यावरची पेटी काढताना कळवळला. माझं कापड कापायचं टेबल छातीइतकं उंच आहे. त्यावर त्याला पालथं झोपवलं, मनगटाला रुंद पट्टी बांधली, पट्टीला बादली अडकवली आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतायला लागले. अडचण एकच होती. दुखण्याने तो अंग आवळून धरायचा, आणि अंग आवळलं की खांदा जागचा हलत नाही. म्हणून मी त्याला गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. एक गृहस्थ दरवर्षी पँट घेऊन येतात आणि सांगतात, ताई, ही पँट कपाटात ठेवून ठेवून आटली. मी त्यांचा आवाज काढायचे. डावरा दातओठ खात असायचा, मग नाकातून हसायचा, मग खरंच हसायचा, आणि हसता हसता अंग सैल पडलं की टक.

त्या आवाजाचा मला गर्व होता, हे मी लपवणार नाही. माप द्यायला आलेल्या बायकांना मी सांगायचे, डॉक्टर काय करणार, आमच्याकडे बादली आहे. मैदानावर बादलीऐवजी पाण्याचा कॅन आणि टेबलाऐवजी कपडे बदलायच्या खोलीतलं उंच बाकडं. कॅप्टन बाकीच्यांना बाहेर काढायचा, मी आत गोष्ट सांगायचे, आणि पाव तासाने डावरा पुन्हा नेटपाशी उभा. लोक टाळ्या वाजवायचे. त्यातल्या काही माझ्यासाठी असतात असं मला वाटायचं. पुढे पुढे तर बादली भरायचीसुद्धा गरज पडेना, दोन तांब्यांत काम व्हायचं. शर्ट काढताना निघायचा, झोपेत कूस बदलताना निघायचा, आणि तितक्याच सहज बसायचा. आपला हात या कामात चांगला बसलाय म्हणून मी खूश. खांदा इतका सैल का झालाय, हे स्वतःला विचारायची अक्कल मला नव्हती.

दहा वर्षांत तेवीस वेळा. मोजत होते मी. त्यातले चार दवाखान्यात, एकोणीस माझ्या हातचे.

त्या तेवीसातले शेवटचे तीन एकाच स्पर्धेतल्या तीन सामन्यांत झाले, आणि कॅप्टनने हट्टच धरला की आता मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. खांद्याचे सर्जन होते ते. बाहेर बाकावर आम्ही नंबराची वाट बघत होतो. दार अर्धवट उघडं होतं आणि आमच्या आधीची बाई आत होती, मांडीवर लहान मुलगी. मुलीचं कोपर सुजलं होतं, बाईने ते घरीच ओढून चोळलं होतं. सर्जन तिला सगळ्यांदेखत असे बोलले की बाकावरची माणसं खाली बघायला लागली. घरी हात लावलाच कसा, शिकलात कुठे, मुलगी तुमची आहे म्हणून हवं ते कराल का? ती बाई डोळे पुसत बाहेर आली. मी, जिला बघून गिऱ्हाईकं दाराकडे सरकतात, ती मी पदर घट्ट धरून बसले होते.

आत गेल्यावर त्यांनी डावऱ्याला आणखी एका फोटोसाठी शेजारच्या खोलीत पाठवलं आणि आम्ही काढून आणलेली एमआरआयची मोठी फिल्म दिव्यासमोर धरली. खोबणीचं हाड थोडं झिजलंय, म्हणाले. अगदी काठावरचं आहे. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दुर्बिणीतून फाटलेली कड शिवायची. दुसरं मोठं ऑपरेशन, त्यात हाडाचा तुकडा बसवावा लागतो. खांदा फार वेळा निघाला असेल तर दुसरंच करावं लागेल, नाहीतर शिवण टिकत नाही. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं,

"आतापर्यंत किती वेळा निखळला?"

"चार वेळा," मी म्हणाले.

मला वाटतं, मी विचारसुद्धा केला नाही. दवाखान्यात झालेले तेवढेच खरे, घरचे कशाला मोजायचे, असं काहीतरी मनात चमकून गेलं असेल. खरं कारण साधं होतं. मला ओरडा खायचा नव्हता. त्यांनी चार लिहिलं, म्हणाले, मग दुर्बिणीतून भागेल. डावरा परत आला तेव्हा आमचं बोलणं संपलं होतं.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना सर्जननी बजावलं, यापुढे खांदा निखळला, समजा निखळलाच, तर कोणीही हात लावायचा नाही, सरळ इथे आणायचं. मी शहाण्यासारखी मान हलवली.

सहा आठवडे हात झोळीत. डावऱ्याला उजव्या हाताने दाढी करता येईना, पहिल्या आठवड्यात हनुवटीवर चार कागदाचे तुकडे चिकटवून फिरायचा. नंतर व्यायाम सुरू झाले. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या शिवणयंत्राहून वयाने लहान होती, पण माझ्याहून कडक. डावरा तिला घाबरायचा आणि तिच्यावर त्याचा विश्वासही होता. दाराच्या मुठीला रबरी पट्टा बांधून तो सकाळी तीस वेळा, संध्याकाळी तीस वेळा हात फिरवायचा. मी एकदा म्हटलं, आज कंटाळा कर की जरा. तो म्हणाला, "ताई, मला परत नेटपाशी उभं राहायचंय. बाकी मला काय येतं सांग."  खरंच होतं ते. त्याचं सगळं हसणं त्या मैदानावर ठेवलेलं होतं आणि ते आणायला त्याला परत तिथेच जावं लागणार होतं.

त्या मुलीची एक परीक्षा असायची. डावऱ्याला पाठीवर झोपवून ती त्याचा हात बाजूला घ्यायची, कोपरातून वाकवायची आणि हळूहळू मागे न्यायची, चेंडू मारताना जातो तसा. त्या वेळी ती खांद्याकडे बघायची नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. सुरुवातीला त्याचे डोळे मोठे व्हायचे आणि ती लगेच थांबायची. आठव्या महिन्यात तिने हात पूर्ण मागे नेला आणि डावरा छताकडे बघत पडून राहिला, चेहऱ्यावर काही नाही. ती मुलगी हसली. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले. तो बरा झाला म्हणून रडले असं मी त्याला सांगितलं. पण शिवण टिकत नाही हे वाक्य त्या सगळ्या महिन्यांत माझ्या पोटात बसून होतं. रोज ठरवायचे, आज जाऊन सर्जनना खरं सांगू. मग डावरा पट्टा ओढताना दिसायचा आणि वाटायचं, सगळं नीट चाललंय, आता कशाला.

दहाव्या महिन्यात तिने खेळायची परवानगी लिहून दिली. पहिला सामना शेजारच्या आगाराशी होता, दुपारी. कॅप्टनने माझी खुर्ची पुसून ठेवली होती. पहिल्या सेटमध्ये डावरा जपून खेळला, नुसता चेंडू पलीकडे ढकलत होता. दुसऱ्या सेटमध्ये कॅप्टनने चेंडू उंच उडवून दिला आणि डावरा उडाला, हात मागे गेला, आणि त्याने तो हाणला. चेंडू रेषेच्या आत पडला. तो वळून माझ्याकडे बघून हसला, तसाच, तोंड उघडून. दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मला खरंच वाटलं की मी सुटले.

तिसऱ्या सेटमध्ये तसाच चेंडू, तशीच उडी. कोणाचा धक्का नाही, नेट नाही. हात वर गेला आणि तो हवेतच ओरडला.

खाली आला तो गुडघ्यावर, उजव्या हाताने डावं कोपर धरून. कॅप्टन माझ्याकडे धावत आला, हातात पाण्याचा कॅन. ताई, चला लवकर, बाकडं मोकळं केलंय. बाकीचे बाजूला झाले, मला वाट करून दिली. डावऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला बघून त्याचा चेहरा सैल झाला. तो चेहरा मला अजून दिसतो.

"ताई, बसव पटकन," तो म्हणाला. "शेवटचा सेट आहे."

"नाही," मी म्हणाले. "गाडी बोलवा."

त्याला वाटलं मी घाबरले. तोच मला समजावत होता, अगं काही नाही, नेहमीचंच आहे. दहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं आणि तेही इतक्या उशिरा. गाडीत तो पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होता. निघालो तेव्हा मागे सामना पुन्हा चालू झाला होता, शिट्टी ऐकू येत होती.

तिथे त्याला भूल देऊन खांदा बसवला. तो गुंगीत असताना सर्जननी नवी फिल्म दिव्यासमोर धरली. शिवण उसवली होती, हाडाची कड आणखी तुटली होती. चार वेळा निखळून असं होत नाही, म्हणाले, जुनी झीज मला वाटली होती त्यापेक्षा जास्त असणार. 

"चार नाही," मी म्हणाले. "तेवीस. मी घरी बसवत होते."

ते ओरडले नाहीत. मी वाट बघत होते, पण ते ओरडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि हळू आवाजात म्हणाले, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी पहिल्यांदाच हाडाचं ऑपरेशन केलं असतं आणि बहुतेक हा खेळला असता. आताही करू. हात कामाला येईल, टायर उचलता येतील. पण डोक्यावरून चेंडू मारायचा नाही. परत कधीच नाही.

डावऱ्याला त्यांनी यापुढे खेळायचं नाही एवढंच सांगितलं. माझं काही सांगितलं नाही, ते माझ्यावर सोडलं.

दुसरं ऑपरेशन झालं, पुन्हा झोळी. आणि मग माझ्या घरात जे सुरू झालं ते मला सोसेना. डावऱ्याने चूक स्वतःवर घेतली. रोज जेवताना तो हिशेब मांडायचा. कदाचित सातव्या महिन्यात दोन दिवस व्यायाम चुकला तेव्हाच गडबड झाली. कदाचित तो दुसरा चेंडू मारायला नको होता, पहिला बरा गेला म्हणून मी चढून गेलो. व्यायामवाल्या मुलीकडे जाऊन तिची माफी मागून आला, तुमची मेहनत मी वाया घालवली म्हणून. ती बिचारी रडवेली झाली. कॅप्टनला म्हणाला, माझ्यामुळे सामना गेला. मैदानाकडे जायचं त्याने बंद केलं, कामावरही लांबच्या फाटकाने जायला लागला. मी समोर ताट वाढत असायचे आणि तो माझा गुन्हा घासाघासाला स्वतःच्या नावावर घेत असायचा.

दोन महिने मी ते ऐकलं. भित्री बाई कशी असते हे मला त्या दोन महिन्यांत नीट कळलं. एका रविवारी सकाळी तो बाहेरून माझ्या यंत्रापाशी आला, थंडी होती, खांद्यावर नुसता टाकलेला स्वेटर खुर्चीवर ठेवला आणि पुन्हा तेच, बहुतेक मी त्या दिवशी अंग नीट गरम केलं नव्हतं. मी शिवणयंत्र थांबवलं आणि सगळं सांगितलं. सर्जननी काय विचारलं, मी काय म्हणाले, आणि खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं. काही गाळलं नाही.

तो ऐकत होता.  मग विचारलं,

"चार का म्हणालीस?"

"त्या बाईला ओरडले तसं मला ओरडतील म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"हो. एवढ्यासाठी."

 मला वाटत होतं की तो टेबलावरचं काहीतरी उचलून फेकेल. मी त्याची वाट बघत होते, मला ते हवं होतं. पण त्याचा आवाज चढला नाही.

"ओरडले असते तर किती वेळ ओरडले असते?" तो म्हणाला.

"पाच मिनिटं," मी म्हणाले. खोटं बोलायचं आता काही उरलं नव्हतं.

त्याने मान हलवली, एखादी गोष्ट समजली की हलवतो तशी. मग उठला आणि खुर्चीवरचा स्वेटर घेतला. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. त्याने आधी डावी बाही हातावर चढवायला घेतली, ती कोपरात अडकली. उजव्या हाताने ओढायला गेला तर गळा पिळला गेला. मी उठले, बाही सोडवायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. पुढे ताई म्हणाला नाही.

मी परत बसले. त्याला तो स्वेटर घालायला बराच वेळ लागला. मी समोर बसून बघत होते.